खुपणाऱ्या शब्दांची वही

बस वळली आणि समोरच्या नव्या काचेच्या इमारतीवरचं दुपारचं ऊन सरळ माझ्या डोळ्यांत आलं. मी मान फिरवली आणि तोंडातून शब्द निघून गेला, त्सी-ङान. शेजारच्या बाईने आपली पर्स जवळ ओढून घेतली. मला मात्र क्षणभर बरं वाटलं, कारण मराठी शब्द अजून मनात यायचा होता आणि कँटोनीज शब्द आधीच येऊन बसला होता. गेले तीन आठवडे, आठवड्यातून दोन दुपारी, एक म्हातारी मला ही भाषा नव्याने शिकवते आहे. सगळी नाही, तिचा एक कोपरा फक्त. डोळ्यांना जे सहन होत नाही त्याचे शब्द. भगभगीत, भडक, ओंगळ, कळकट, किळसवाणं, नको तिथे मधे येणारं. वहीत सव्वीस झाले होते. 'त्सी' म्हणजे टोचणं, 'ङान' म्हणजे डोळा. बाराखडीतला तो ङ, ज्याच्यासमोर आमच्या शाळेतल्या तक्त्यावर काढायला चित्रसुद्धा सापडलं नव्हतं, तो असा वयाच्या चोपन्नाव्या वर्षी कामाला आला. आमच्या मास्तरांना सांगितलं असतं तर त्यांचा विश्वास बसला नसता.

तो आनंद पुढच्या थांब्यापर्यंत टिकला. मग कुठेतरी खटकलं. हाच शब्द तासाभरापूर्वी तिच्या खोलीत मी ऐकला होता. तिने खिडकीकडे हात करून म्हटलं होतं, त्सी-ङान, आणि मी मान डोलवून लिहून घेतलं होतं. शब्द जुना, दुसऱ्या दुपारीच शिकलेला, पण तिने पुन्हा वापरला म्हणून. तिची खिडकी शेजारच्या इमारतीच्या मागच्या भिंतीकडे उघडते. हात लांब केला तर भिंतीला लागेल एवढंच अंतर. तिथे बाराही महिने ऊन येत नाही. मग टोचण्यासारखं तिथे होतं काय? मी तो विचार बाजूला सारला. विचार बाजूला सारणं मला छान जमतं, सवयीने म्हणा किंवा धंद्यामुळे म्हणा.

धंदा म्हणजे चष्म्याचा. अठ्ठावीस वर्षं मी एकाच काउंटरमागे उभा होतो. शेठ कँटोनीज, गिऱ्हाइकं बहुतेक त्यांच्याच भाषेची, आणि मी माल विकायला ठेवलेला मराठी माणूस. शेठनी मला भाषा शिकवली ती फ्रेम विकण्यापुरती. चेहऱ्याला शोभते, हलकी आहे, दहा वर्षांनी तरुण दिसता, नाक उठून दिसतं. सुंदर म्हणायचे सतरा प्रकार मला येत होते आणि कुरूप म्हणायचा एकही नाही, कारण काउंटरवर त्याची गरजच पडत नाही. शिवाय एक वाक्य होतं, सगळ्या वाक्यांचा राजा. नवा चष्मा घेतला की दोन दिवसांनी माणूस परत येतोच. जमीन वर आल्यासारखी वाटते, उजेड लागतो, डोकं धरतं. त्याला खुर्चीवर बसवायचं, काचा फडक्याने पुसून द्यायच्या आणि हसून म्हणायचं, मान-मान चाव क्वान. हळूहळू सवय होईल. आणि होतेही. शंभरातल्या नव्व्याण्णवांना होते. उरलेल्या एकाचा विचार दुकानात करायचा नसतो, असं शेठ म्हणायचे, आणि ते काही वाईट मनाने म्हणायचे नाहीत. बायको मला म्हणते, "तुमच्यासमोर कुणी विषाची बाटली ठेवली तरी तुम्ही म्हणाल, रंग किती छान आहे." तिला वाटतं हा माझा स्वभाव. मला वाटायचं, ही माझी रोजीरोटी. आता दोन्हीतला फरक मला सांगता येत नाही.

शेठनी दुकान वाढवलं, म्हणजे बंद केलं, आणि मी घरी बसलो. आपल्या भाषेत दुकान बंद होत नाही, वाढतं. बांगडी फुटत नाही, तीही वाढते. डोळा जातो तेव्हा त्यात फूल पडतं. माझ्या थोरल्या बहिणीच्या, ताईच्या, उजव्या डोळ्यात फूल पडलं तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो आणि त्या शब्दामुळे मला कितीतरी दिवस वाटत होतं की हे काहीतरी चांगलंच असणार. ती आरशात बघायची नाही. मला विचारायची, "वाढलंय का रे?" मी म्हणायचो, "छे, काही दिसत नाही." वाढलेलं मला स्वच्छ दिसत होतं. बुबुळाच्या कडेने दुधाच्या सायीसारखं आत सरकत होतं. पण मी नाही म्हटलं की तिचा चेहरा हलका व्हायचा, आणि तो हलका झालेला बघायला मला आवडायचं. घरातलं दुसरं कुणीही खरं सांगत नव्हतं, मग मी लहान, मीच का सांगू? काही वर्षांनी तिने विचारणं सोडून दिलं. तो डोळा पूर्ण गेला. तिने कधी मला बोल लावला नाही, भेटली की अजूनही डोक्यावरून हात फिरवते, आणि तो हात मला नको होतो.

दुकान गेल्यावर डोळ्यांच्या एका दवाखान्यात मला काम मिळालं. कँटोनीज बोलणारे पेशंट बरेच, भाषा येणारं कुणी नाही. डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाच्या, मला काका म्हणतात. त्यांच्याशेजारी उभं राहून इकडचं तिकडे सांगायचं, आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी पेशंटला घरी फोन करायचा. समोर फॉर्म असतो. त्यावर तीन चौकोन. त्रास नाही, थोडा त्रास, खूप त्रास. एका चौकोनात बरोबरची खूण करायची आणि खाली सही. 'खूप'वर खूण झाली तर पेशंटला त्याच दिवशी बोलावतात. म्हातारीला मी पहिल्यांदा भेटलो ते त्या फोनवर. ऑपरेशनच्या दिवशी मी रजेवर होतो, त्यामुळे चेहरा माहीत नव्हता. ती भराभर बोलत होती. उजेड हा शब्द कळला, डोळा कळला, आणि मधे पुन्हा पुन्हा एक शब्द येत होता तो माझ्या ओळखीचा नव्हता. शब्द कळला नाही, हे मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं आहे. पण आवाज कळत होता की. दुखणाऱ्या माणसाचा आवाज कळायला कुठलीच भाषा शिकावी लागत नाही. मी म्हणालो, "हौ, हौ." बरं, बरं. आणि मग काउंटरमागे उभा असल्यासारखा हसलो, फोनवर, कुणी बघत नसताना, आणि म्हणालो, मान-मान चाव क्वान. मी 'थोडा'वर खूण केली. सही केली. दुसरा नंबर फिरवला.

चार दिवसांनी ती स्वतःच आली, डोळ्यावर टॉवेल दाबून. आत पू झाला होता. इंजेक्शनं दिली, पुन्हा ऑपरेशन केलं, काही उपयोग झाला नाही. डाव्या डोळ्याची नजर गेली ती गेलीच. डॉक्टरीणबाईंनी फॉर्म काढून पाहिला आणि माझ्यासमोर म्हणाल्या, "तिसऱ्या दिवशी तर थोडाच त्रास होता. नंतर एकदम वाढला असणार. होतं असं कधी कधी." मी म्हणालो, "हो." एवढंच. तो हो माझ्या गळ्याशी अजून आहे. जेवताना जाणवतो. बायकोने विचारलं, "घास का अडकतोय तुमचा?" मी म्हणालो, भात कोरडा झालाय. तिने दुसऱ्या दिवशी भात सैल केला, बिचारीने.

काही आठवडे गेल्यावर डॉक्टरीणबाईंनी मला बोलावलं. "काका, एक काम करा. फोनवर पेशंट काय काय म्हणतात त्याची यादी करा. टोचतं, चमकतं, धूर दिसतो, भयानक दिसतं. मला अशा शब्दांची यादी हवी, म्हणजे कुणी फोन केला तरी कळेल. आणि त्या आजींकडूनच शिका. त्या एकट्या असतात, त्यांच्याकडे जाणंयेणंही राहील." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "अजून एक. एका डोळ्याचं दुखणं कधी कधी दुसऱ्या, चांगल्या डोळ्यात उतरतं. क्वचित होतं, पण झालं तर वेळ नसतो. उजेड सहन होईना, धुरकट दिसायला लागलं, तर त्याच दिवशी मला कळलं पाहिजे. मी महिन्याने तपासणारच आहे, मधल्या दिवसांत तुमचं लक्ष असू द्या." मी म्हणालो, "काळजी करू नका." हे वाक्य मी कुठल्याही भाषेत फार छान म्हणतो.

वही नवी आणली. डावीकडे शब्द, मधे अर्थ, उजवीकडे उदाहरण, वर तारीख. अक्षर माझं पहिल्यापासून चांगलं आहे. म्हातारी कापड रंगवण्याच्या कारखान्यात चाळीस वर्षं नापास करणारी होती. म्हणजे ठाण रंगून आलं की ते उजेडात धरायचं, नमुन्याच्या चिंधीशी ताडून बघायचं आणि रंग उतरला असेल, डाग असेल, छटा चुकली असेल तर ते बाजूला टाकायचं. माझं आयुष्य शोभतं म्हणण्यात गेलं, तिचं शोभत नाही म्हणण्यात. एका खोलीत राहायची, भिंतीला लागून पुठ्ठ्यांची चळत, प्रत्येक पुठ्ठ्यावर रंगीत चिंध्या डकवलेल्या, निवृत्त होताना कारखान्याने देऊन टाकलेल्या. संध्याकाळी ती ते पुठ्ठे काढून नुसती बघत बसायची. तीच तिची करमणूक, तीच सोबत. मी पहिल्या दिवशी दारात उभं राहून नमस्कार केला, फो-फो म्हणालो, म्हणजे आजी, आणि दोन वाक्यं बोललो. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, उरलेल्या एका डोळ्याने, आणि म्हणाली, "ये, हौ-हौ." त्या दिवसापासून तिच्या लेखी माझं नाव तेच. बरं-बरं. मी हसलो. मला वाटलं, मी सारखा हौ-हौ करतो म्हणून गमतीने म्हणते आहे. ती मला गंमत करणाऱ्यांतली वाटली नव्हती, तरी मी तसं समजून घेतलं.

शिकवायची तिची रीत कडक होती. शब्द आधी सांगायची नाही. दोन पुठ्ठे शेजारी ठेवायची, एक हिरवा, एक तसलाच पण सडका हिरवा, आणि म्हणायची, "बघ." मी बघून मान हलवली की, "तोंड फिरवू नकोस. बघत राहा. न बघता शब्द मिळत नाही." मिनिटभर बघितल्यावर तो हिरवा खरंच बघवेनासा व्हायचा, आणि तेव्हा ती शब्द द्यायची. युक-स्युन. मांस आंबट. बघून अंगावरचं मांस आंबतं असं काहीतरी. ङोइ-ङान, डोळ्याच्या वाटेत आडवं पडलेलं. हे वस्तूला म्हणतात आणि घरात नको झालेल्या माणसालाही म्हणतात. ङान-युन तर मला फार आवडला. डोळ्यावर झालेला अन्याय. एखादी गोष्ट इतकी भद्दी असते की ती बघायला लावणं म्हणजे डोळ्यावर अन्याय. या भाषेत डोळ्याला फिर्याद करायची सोय आहे, असं मी घरी बायकोला सांगितलं. ती भांडी लावत म्हणाली, "मग तुमच्या त्या चौकड्याच्या शर्टावर पहिली फिर्याद माझी."

तिसऱ्या दुपारी तिने काळा चष्मा काढला. गेलेला डोळा मी इतक्या जवळून पाहिला नव्हता. आक्रसून बारीक झालेला, पांढुरका, वर तांबड्या शिरा, आणि पापणी एका बाजूने आत वळलेली. ती म्हणाली, "याला काय म्हणशील?" मी म्हणालो, "चष्मा घातल्यावर फारसं कळत नाही, फो-फो." ती हसली. हसली म्हणजे नाकातून हवा सोडली. "हौ-हौ," ती म्हणाली. मग म्हणाली, "वात-तात. किळसवाणं. म्हण." माझी जीभ उचलेना. "म्हण. माझा डोळा आहे, मी सांगते आहे, म्हण." मी म्हणालो. तिने परत म्हणायला लावलं, तोंडाकडे बघून, आणि तिसऱ्यांदा म्हणताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला तिची दया आली असं नाही. मला लाज वाटत होती, उघडी नागडी लाज, आणि तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं की तो फोनवरचा माणूस मीच. मी वहीत शब्द लिहिला. अर्थ लिहिला. उदाहरणाच्या रकान्यात काय लिहावं ते कळेना, तो रिकामा सोडला. ती म्हणाली, "लिहिलंस?" मी म्हणालो, "हो." तिने मान डोलावली आणि चष्मा परत चढवला.

लिहिलंस का, हे ती नेहमी विचारायची. प्रत्येक वेळी. मला वाटायचं, शिकवणारे असतात असे काहीजण. बसमध्ये बसल्या बसल्या मला ते वाक्य तिच्या आवाजात ऐकू आलं, आणि मघाशी बाजूला सारलेला विचार परत समोर येऊन उभा राहिला. खिडकीला ऊन नाही. मी पिशवीतून वही काढली. शेजारच्या बाईला पुन्हा पर्सची काळजी वाटली असावी. मी शब्दांचा रकाना सोडला आणि फक्त उजवीकडचा वाचत गेलो, तारखांसकट, माझ्याच सुबक अक्षरात. चौथी दुपार: खिडकी टोचते. त्याच दुपारी, जरा खाली: दिवा लावू नको, दिवा टोचतो. पाचवी दुपार: मुंग-छा-छा, धूसर, उदाहरण, पुठ्ठे धूसर. त्याखाली, सकाळी जास्त धूसर. त्याखाली, रंगाच्या हौदावरची वाफ मधे आल्यासारखं. केवढं छान उदाहरण, असं वाटून मी त्याच्या खाली रेघ मारली होती. आज, सहावी दुपार: खिडकी पुन्हा टोचते, कपडा लाव. मी तिला खिडकीवर कपडा लावायला मदतही केली होती. खुर्चीवर चढून. आणि आजच तिने एक पुठ्ठा माझ्यासमोर धरून म्हटलं होतं, "हा करडा बघ, किती मळका." तो तपकिरी होता. मला तपकिरी दिसत होता. मी म्हणालो, हौ, हौ. तिला वाईट वाटू नये म्हणून.

ती उदाहरणं देत नव्हती. ती सांगत होती. मी समोर बसून, वर तारीख घालून, तिने म्हटलेला शब्द न शब्द लिहून घेत होतो आणि ती विचारत होती, लिहिलंस? तिला वाटत होतं ही वही डॉक्टरकडे जाते. का वाटू नये? मला दवाखान्यानेच पाठवलं होतं. घंटी वाजवली, थांबा नव्हता, ड्रायव्हर ओरडला, मी तसाच दारात उभा राहिलो आणि पुढच्या सिग्नलला उडी टाकली. रस्ता ओलांडताना एका मोटारवाल्याने मला आईवरून शिवी दिली. ती मला लागली नाही. चौथ्या दुपारपासून आजपर्यंत आठ दिवस झाले होते. मी बोटांवर मोजले, परत मोजले. आठच.

उलट्या बाजूने जाणारी बस लवकर येईना. मी दवाखान्यात फोन लावला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "केव्हापासून?" मी म्हणालो, "घेऊन येतो." "काका, केव्हापासून ते सांगा." मी म्हणालो, "आणतो ना, मी आणतोच." फोन ठेवल्यावर लक्षात आलं की खरं उत्तर देता येत असताना मी ते परत टाळलं होतं. थांब्यावर दोन शाळकरी मुली माझ्याकडे बघून लांब सरकल्या. मी मोठ्याने काहीतरी बोलत असेन. बहुधा स्वतःला शिव्या देत होतो, आणि शिव्या मराठीतल्याच होत्या. त्या मला कुणी शिकवाव्या लागल्या नव्हत्या.

म्हातारीने दार उघडलं तेव्हा खोलीत कपड्यामागून येणारा मळका उजेड होता आणि तिने चष्म्यावर आडवा हात धरला होता. मी धापा टाकत म्हणालो, "फो-फो, चला, दवाखान्यात जायचंय, आत्ता." ती घाबरली नाही. तिच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच सुटल्यासारखं काही पाहिलं. "शेवटी बोलावलं म्हणायचं डॉक्टरने," ती म्हणाली. "मला वाटलं होतं, मागेच बोलावतील." तिची पिशवी तयार होती. खुंटीला टांगलेली, आत टॉवेल, पाण्याची बाटली, दवाखान्याचं कार्ड. किती दिवसांपासून तयार होती कोण जाणे. जिन्यात तिने माझा दंड धरला. पायऱ्यांची कडा तिला दिसत नव्हती, प्रत्येक पायरीला ती पाऊल पुढे करून चाचपायची. टॅक्सीत ती डोळे मिटून बसली आणि मी तिच्याशेजारी वही मांडीवर घेऊन बसलो. सांगावं, आत्ता सांगावं, असं तीनदा वाटलं. तिन्ही वेळा मी खिडकीबाहेर बघितलं.

डॉक्टरीणबाई दारातच उभ्या होत्या. हनुवटी टेकवायच्या यंत्रापुढे त्यांनी तिला बसवलं, डोळ्यात थेंब घातले, बराच वेळ आत बघत राहिल्या. उजेडाची पट्टी डोळ्यावर आली की म्हातारीचं सगळं अंग आखडायचं. पण तिने हनुवटी हलवली नाही. मग डॉक्टरीणबाईंनी यंत्र बाजूला सारलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "विचारा, हे कधीपासून होतंय." मी विचारलं. म्हातारीने उत्तर दिलं, सरळ, एकेक शब्द सुटा करून, मला समजावं म्हणून सावकाश. ती थांबली तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काय म्हणतात?" मी म्हणालो, "आठ दिवसांपासून." "मग सांगितलं का नाही? विचारा, मला का कळवलं नाही?" हेही मी विचारलं. म्हातारीने माझ्या आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं. आधी तिला प्रश्नच कळला नाही असं वाटलं, आणि मग हळूहळू कळला. तिचा चेहरा बदलताना मी पाहत होतो. न बघून सुटका नव्हती.

ती बोलली आणि मी तिच्यामागून मराठीत बोलत गेलो. "त्या म्हणतात, मी सांगितलं. प्रत्येक वेळी सांगितलं. यालाच सांगितलं. हा समोर बसून लिहून घेत होता." डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "त्या म्हणतात, पहिल्या डोळ्याच्या वेळीही यालाच सांगितलं होतं. फोनवर. आवाजावरून मी पहिल्याच दिवशी ओळखलं. पण तेव्हा याने लिहून घेतलं नव्हतं, नुसतं बरं-बरं म्हणाला होता. म्हणून तो डोळा गेला असं मी समजले. या वेळी वही घेऊन आला. प्रत्येक शब्द लिहीत होता. म्हणून मी निर्धास्त होते." शेवटचं वाक्यही मी सांगितलं, एक शब्दही न गाळता. मग मी वही डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवली, उजवीकडचा रकाना उघडून. त्यांनी वाचलं. तारखा वाचल्या. रेघ मारलेलं वाक्य वाचलं. मला वाटलं, ओरडतील. त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "तुम्ही बाहेर बसा."

मी उठलो. खुर्चीचा आवाज झाला तशी म्हातारी म्हणाली, "हा कुठे चाललाय?" मी सांगितलं, मला बाहेर बसायला सांगितलंय. ती म्हणाली, "मग माझं काय चाललंय ते मला कोण सांगणार? दुसरं कुणी आहे?" हे मला डॉक्टरीणबाईंना सांगावं लागलं. त्यांनी कपाळ चोळलं आणि म्हणाल्या, "नाही." मी परत बसलो. तिने मला माफ केलं म्हणून मी बसलो नव्हतो, हे मला पक्कं कळत होतं. दुसरं कुणी नव्हतं म्हणून बसलो होतो.

डॉक्टरीणबाई आता तिच्याकडे बघून बोलू लागल्या, पेशंटशी बोलावं तसं, आणि मी दोघींच्या मधे. "आजच दाखल करायचं. शिरेतून औषध द्यायचं, रोज, मग गोळ्या, बरेच महिने. डोळा पूर्ण जाऊ नये म्हणून मी सगळं करीन. पण आतला पडदा फार सुजून उचलला गेलाय. वाचणं, बारीक काम, रंग ओळखणं, हे आता परत येणार नाही. माणूस समोर आहे की नाही, दार कुठे आहे, एवढं राखता आलं तर आपण नशीबवान." मी एकेक वाक्य उचलत गेलो. दाखल व्हायचं. शिरेतून औषध. महिने लागतील. पडदा सुजलाय. तिथवर नीट गेलं. मग तिच्या मांडीवरचे हात दिसले, नखांच्या कडांना चाळीस वर्षांच्या कामाचा निळा रंग अजून धरून बसलेला, आणि मी म्हणालो, "रंग आता कदाचित ओळखता येणार नाहीत."

डॉक्टरीणबाईंनी घड्याळाकडे पाहिलं, मग नर्सला हाक मारायला दाराशी गेल्या. म्हातारीने चष्मा काढला, पुसला, परत घातला नाही, हातातच धरला.

"हे कदाचित," तिने विचारलं, "डॉक्टरचं की तुझं?"

मी म्हणालो, "माझं."

"मग ते काढ," ती म्हणाली, "आणि परत सांग."

मी तिच्याकडे तोंड करून बसलो. ते काढलं आणि परत सांगितलं.